'पैसे की जीव?' : जॅक बेनीचा तो पॉज मराठीत कसा आणायचा?

मिरजेची_मैना :

मंडळी, मदत हवीये. इथल्या आमच्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात यंदा मला दहा मिनिटं मिळालीयेत आणि मी उत्साहाच्या भरात "जुन्या अमेरिकन रेडिओवरचं एक प्रहसन मराठीत करते" असं बोलून बसलेय. आता निस्तरायचंय.

खूळ शिरलं कुठून ते सांगते. ऑफिसला जायला मला पाऊण तास लागतो, पॉडकास्ट ऐकून ऐकून कंटाळा आला म्हणून कोणीतरी सुचवलेले जॅक बेनी या अमेरिकन विनोदी नटाचे जुने एपिसोड लावले. कार्यक्रमात तो स्वतःच्याच नावाने वावरतो, आणि महाकंजूष म्हणून. १९३२ ते १९५५ इतकी वर्षं रेडिओवर चाललेला कार्यक्रम, रविवारी संध्याकाळी सात वाजता अख्खं घर रेडिओभोवती. पहिले दोन एपिसोड ऐकून मला कळेचना की लोक हसतायत कशाला. तिसऱ्याला जरा हसू आलं. आणि मग २८ मार्च १९४८चा तो प्रसिद्ध एपिसोड लागला. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी, जॅक शेजारच्या रोनाल्ड कोलमन या नटाकडून त्याचं आठवड्यापूर्वीच मिळालेलं ऑस्कर उसनं आणतो (हो, ऑस्कर! वाटीभर साखर आणावी तसं!!) आणि रात्री ते घेऊन चालत येत असताना त्याला चोर गाठतो. चोर म्हणतो, पैसे की जीव? आणि मग काहीच नाही. जॅक गप्प. स्टुडिओतले लोक हसायला लागतात ते हसतच राहतात. चोर वैतागून परत विचारतो, अरे मी काय म्हणालो, पैसे की जीव? तेव्हा जॅक त्याच्यावरच खेकसतो, "विचार करतोय ना!"

मी सिग्नलला उभी होते, हिरवा झालेला कळलाच नाही, मागच्याने हॉर्न मारला.

तर हे स्टेजवर, मराठीत, ज्यांनी जॅक बेनीचं नावही ऐकलेलं नाही अशा दीडशे माणसांसमोर चालेल का? आणि तो पॉज नक्की किती सेकंद धरायचा? जॅक म्हणून नवऱ्याला उभं करायचा विचार आहे, पण त्याला गप्प बसवणं ही एकच गोष्ट मला आजवर जमलेली नाही.

खडूस_खवय्या :

पहिला!

नवऱ्याला गप्प बसवायचं तंत्र सापडलं तर प्लीज वेगळा धागा काढा, माझी बायको आत्ताच विचारतेय.

जुनाट_रेडिओ :

मैना, माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात, आता मी थांबणार नाही. मी ८०च्या दशकात इंडियानात शिकायला आलो तेव्हा घरमालक म्हणजे एक एकटा म्हातारा होता, त्याच्या बेसमेंटमध्ये रिळांचे डबे भरलेले होते, प्रत्येकावर पेन्सिलने तारीख. रविवारी संध्याकाळी बरोब्बर सातला तो एक रीळ लावायचा, सहाला नाही की आठला नाही, आणि मला खाली बोलवायचा. इंग्रजी मला येत होतं पण ते इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे पहिला महिनाभर मी केवळ भाडं वाढवू नये म्हणून हसायचो.

आता मुद्द्याचं. किती सेकंद म्हणून घड्याळ लावून बसलात तर फसाल. रेकॉर्डिंग नीट ऐका, निव्वळ शांतता त्यात फार थोडी आहे, लोक लगेच हसायला लागतात. म्हणजे जॅक गप्प बसलाय म्हणून लोक हसतायत आणि लोक हसतायत म्हणून जॅकला गप्प बसता येतंय, दोन्ही एकदमच चालू. रेडिओच्या इतिहासातला सगळ्यात लांब हशा वगैरे म्हणतात तेही खरं नाही, त्याच्याच कार्यक्रमात याहून मोठे हशे आहेत.

हे सुचलं कसं त्याचा किस्सा तर विनोदाहून भारी आहे. मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकाबेरी हे दोघे लेखक. चोराचं वाक्य लिहून झालेलं, पण जॅकने काय उत्तर द्यायचं ते सुचेना. जोसेफ्सबर्ग येरझाऱ्या घालत एकामागून एक वाक्य सुचवतोय आणि टॅकाबेरी आडवा पडून हूं नाही की चूं नाही. शेवटी जोसेफ्सबर्ग भडकला, अरे बाबा काहीतरी बोल की! तर हा म्हणतो, विचार करतोय! झालं, तिथल्या तिथे दोघांना वाक्य सापडलं.

आणि एक. १९३२च्या मार्चमध्ये एड सलिव्हनच्या कार्यक्रमात जॅक पहिल्यांदा रेडिओवर आला तेव्हा काय म्हणाला माहितीये? मी जॅक बेनी बोलतोय, आता जरा थांबतो, तेवढ्यात तुम्ही "आम्हाला काय त्याचं!" असं म्हणून घ्या. गडी पहिल्या दिवसापासून पॉजवरच उभा आहे.

अदिती_पण_दुसरी :

काका दंडवत! भाडं वाढू नये म्हणून हसणे _/\_

तिरपागडा :

जरा उलटं बोलतो, माफी असावी. मी आत्ता तो तुकडा शोधून ऐकला. नाही आलं हसू. बरा आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षं लोक एकमेकांना सांगत आलेत की हा महान विनोद आहे, म्हणून महान. आपल्याकडेही अशी अनेक वाक्यं आहेत, ऐकणारा वाक्याच्या आधीच हसतो.

शिवाय मराठीत हे बसतच नाही. आपल्याकडचा चोर प्रश्न विचारत नाही हो. तो म्हणणार "काय असंल ते काढ, नायतर कोथळा बाहेर काढीन". यात पर्याय कुठे आहे? आणि पर्यायच नसेल तर समोरचा विचार कसला करणार? "पैसे की जीव" हे ऐकायला केबीसी वाटतं.

खडूस_खवय्या :

ऑप्शन ए, पैसे. ऑप्शन बी, जीव. बेनीसाहेब, फोन अ फ्रेंड घ्यायचाय का?

बेनीसाहेब : फोनचं बिल कोण भरणार?

वाचनमात्र_वसंत :

हाहाहा. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज या प्रतिसादासाठी लॉगिन केलं.

एक बाळबोध प्रश्न. तो हशा खरा असतो का मागाहून चिकटवलेला? आणि तेव्हाचं रेकॉर्डिंग आजपर्यंत राहिलं कसं?

जुनाट_रेडिओ :

वसंतराव, स्वागत. खरा हशा, शंभर टक्के. स्टुडिओत समोर माणसं बसलेली आणि कार्यक्रम थेट हवेत जायचा. मशीनमधला हशा नंतर आला, टीव्हीच्या जमान्यात, चार्ल्स डग्लस नावाच्या साउंड इंजिनियरने त्यासाठी एक डबाच तयार केला होता. रेडिओवर बरीच वर्षं तर नेटवर्कचे लोक रेकॉर्डिंग लावायलाच तयार नसत, सगळं थेट हवं. अमेरिकेत पूर्वेला आणि पश्चिमेला घड्याळात तीन तासांचा फरक, त्यामुळे किती तरी मोठे कार्यक्रम एका रात्रीत दोनदा करावे लागत, एकदा न्यूयॉर्कसाठी आणि मधे जेवणबिवण करून परत एकदा कॅलिफोर्नियासाठी.

तरी नोंद म्हणून सोळा इंची तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करून ठेवायचे, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे एक तबकडी दोन्ही बाजूंनी. ॲल्युमिनियमवर लाखेसारखा थर असायचा, आणि महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांना लागायला लागलं म्हणून मधेच काच आली. काचेच्या किती फुटल्या असतील विचार करा. जे वाचलं ते पुढे शौकिनांनी रिळांवर उतरवलं, रिळावरून कॅसेट, कॅसेटवरून एमपीथ्री. माझा घरमालक त्या साखळीतला.

प्रपंची_पमा :

किती छान धागा. मी दादरची, वय विचारू नका. आमच्याकडे रेडिओ कपाटावर होता आणि त्याला भरतकाम केलेलं झाकण होतं, बंद केला की लगेच झाकायचं. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं, बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. आमच्या आईला ते तिघं शेजारीच राहतात असं वाटायचं. मीनावहिनी नुसतं "इश्श" म्हणाल्या तरी आई हसायची, आणि परगावहून आलेली माझी मावसबहीण ढिम्म बसून राहायची, तिला काहीच माहीत नसायचं ना. तिरपागडाभाऊ, तुमचं बहुतेक तेच झालंय. तुम्ही एकदम शेवटच्या दिवशी पाहुणे म्हणून आलात.

आणि चोराच्या पर्यायाचं काय घेऊन बसलात, आपल्याकडे म्हणच आहे की. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. चोराला म्हणू दे, "बोल, चमडी की दमडी?"

मिरजेची_मैना :

पमाताईईईई!!! चमडी की दमडी!!! ठरलं. हेच.

सूरमयी :

पमाताई +१००

शिकागोतला_शंभू :

एक नंबर. याचा टीशर्ट छापा.

जुनाट_रेडिओ :

पमाताई, वाक्य झकास आहे, पण मी विरोध नोंदवतो. दोन कारणं. चोरच जर इतकं यमकात बोलला तर टाळी चोराला जाईल. मूळ चोर अगदी कोरडा आहे, एडी मार नावाचा नट होता, गुंड, टपोरी अशीच कामं करायचा, त्याच्या आवाजात गंमत औषधालाही नाही. त्याला खरंच घाईय. आणि म्हणीतल्या कंजुषाचा निर्णय झालेला आहे हो! तो चमडी द्यायला तयार आहे. जॅकचं तसं नाही, त्याचं अजून ठरायचंय. सगळी गंमत त्यात आहे.

तिरपागडा :

काकांशी सहमत. (हे वाक्य या संकेतस्थळावर पहिल्यांदाच टाइप करतोय, नोंद घ्यावी.)

अदिती_पण_दुसरी :

मला थोडं गंभीर बोलायचंय, मूड घालवायचा नाहीये पण. मीपण मैनासारखेच एपिसोड ऐकायला घेतले आणि जॅकच्या घरातल्या रॉचेस्टरपाशी अडकले. काळा नोकर, गोरा मालक, "बॉस बॉस" करत असतो. सुरुवातीच्या एपिसोडमध्ये जुगार, जिन, हे सगळे ठरीव ठशाचे विनोद. मला कानातनं काढून टाकावंसं वाटलं. तसंच तो मेक्सिकन, एकेका शब्दात उत्तरं देणारा. सगळे म्हणतात सोनेरी काळ, कोणासाठी सोनेरी?

जुनाट_रेडिओ :

अदिती, मूड जात नाही, बरं झालं काढलंत. मी त्यावर पांघरूण घालणार नाही, सुरुवातीचं बरंच आज ऐकवत नाही. रॉचेस्टर करणारा एडी अँडरसन १९३७च्या ईस्टरला एका एपिसोडमध्ये रेल्वेतला पोर्टर म्हणून आला, एकदाच येणार होता, पण लोकांना इतका आवडला की नोकर म्हणून कायमचा घरात आला. देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात कायमची भूमिका मिळालेला तो पहिला काळा कलाकार समजतात. महायुद्धानंतर बेनीने आणि लेखकांनी ते जुगार-जिनवाले विनोद जाणूनबुजून बंद केले. आणि एक लक्ष देऊन ऐका, त्या घरात शहाणा कोण आहे? रॉचेस्टरच. मालकाचं पितळ उघडं पाडतो तो, शेवटचं वाक्य त्याचं, हशाही त्याचा. त्या काळात काळ्या माणसाने गोऱ्या मालकाला रेडिओवरनं असं टोमणे मारणं ही साधी गोष्ट नव्हती.

अदिती_पण_दुसरी :

हे पटतंय आणि नाहीही. शेवटी चहा तोच आणतो आणि गाडीही तोच चालवतो. शहाणा नोकर हापण एक ठसाच झाला, आपल्या नाटकांतले रामागडी आठवा, सगळ्यात हुशार तेच आणि झाडूही त्यांच्याच हातात. पण ऐकत राहीन, तो आवाज खरंच कमाल आहे, खडीवरून बैलगाडी गेल्यासारखा.

जुनाट_रेडिओ :

रामागडीचा मुद्दा बिनतोड. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खडूस_खवय्या :

गाडीवरून आठवलं, जॅकची ती जुनाट मॅक्सवेल गाडी! ऐकलीच पाहिजे अशी गोष्ट. खोकते, शिंकते, उचकी लागते, जीव जातो, परत येतो. आणि तो आवाज माणूस काढतोय, मेल ब्लँक, म्हणजे कार्टूनमधल्या आपल्या बग्ज बनीचा आवाज. ब्लँकच सांगायचा की खरं तर रेकॉर्डवरचा आवाज वाजायचा होता, ऐन वेळी वाजलाच नाही, तर हा माइकपाशी धावला आणि स्वतःच घशातनं गाडी सुरू केली. आमच्या बाबांच्या स्कूटरचा आवाज अगदी सेम, फक्त ती नंतर सुरू व्हायची नाही.

त्याच ब्लँकचं दुसरं, रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट. "ॲनहाइम, अझूसा आणि कुक...... अमोंगा!" १९४५मध्ये सुरू झालं आणि दर वेळी "कुक" आणि "अमोंगा"मधला पॉज वाढत गेला. जॅक मधल्या वेळात दुसऱ्या कोणाशी बोलून घेतो तरी "अमोंगा" आलेलं नसतं. मैना, पॉजचाच धागा आहे म्हणून सांगतोय.

वाचनमात्र_वसंत :

हे म्हणजे "कर्जत... भिवपुरी... नेरळ" म्हणायच्या ऐवजी "कर्......"

खडूस_खवय्या :

"......जत" ऐकू आलं तेव्हा आम्ही खोपोलीत होतो.

शिकागोतला_शंभू :

आता माझं. वॉकीगन आमच्यापासून तासाभरावर, जॅक बेनीचं लहानपण तिथलं. जन्म शिकागोतला, १४ फेब्रुवारी १८९४, खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की. या धाग्यामुळे शनिवारी मुलाला घेऊन गेलो. गावाच्या मध्यात जुन्या जेनेसी थिएटरजवळ त्याचा पुतळा आहे, हातात व्हायोलिन, मान जराशी तिरकी. वारा असा की कान गळून पडतील. मुलगा म्हणाला बाबा हा कोण, मी म्हटलं कंजूष माणूस होता. तर म्हणे मग त्याचा पुतळा कोणी केला? मला पटकन उत्तर सुचेना, विचार करतोय म्हणालो आणि एकटाच हसत सुटलो, पोरगं बघतच राहिलं.

तिथल्या एका शाळेलाही त्याचं नाव आहे आणि शाळेच्या टीमचं नाव 'थर्टीनाइनर्स'. कारण साहेब मरेपर्यंत एकोणचाळीसचेच होते.

प्रपंची_पमा :

एकोणचाळीस हे वय मला पटतं. मी पण तिथेच थांबलेय.

सूरमयी :

व्हायोलिनचा विषय निघालाय तर राहवत नाही, मी शिकवते. माझा एक विद्यार्थी क्रॉइट्झरच्या व्हायोलिनच्या धड्यांचा सराव इतका भयानक करतो की त्याच्या आईने मला विचारलं हे असंच असतं का, तेव्हा मी तिला बेनीचा व्हायोलिनच्या शिकवणीचा तुकडा ऐकवला. मास्तर रडकुंडीला आलेला आणि जॅक आपला करकर करकर घासतोय. पण सांगते, हा माणूस वाजवू शकत होता. इतकं नेमकं बेसूर वाजवायला सूर कुठे आहे ते माहीत असावं लागतं, नवशिका चुकतो तो कुठेही चुकतो, हा बरोबर जिथे कळ उठेल तिथेच चुकतो. नंतरच्या आयुष्यात मोठमोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रांबरोबर असंच वाजवून त्याने त्यांच्यासाठी लाखो डॉलर जमवून दिले. कंजूष कसला, हॉटेलात टिपा दणदणीत द्यायचा कारण कमी दिली तर लोक म्हणणार बघा खरंच चिकट आहे.

आणि मृत्युपत्रात बायकोला, म्हणजे कार्यक्रमातली मेरी लिव्हिंगस्टन तीच खरी बायको, रोज एक लाल गुलाब पोचवायची व्यवस्था करून ठेवलेली. तो १९७४मध्ये गेला, ती १९८३मध्ये, तोवर रोज.

खडूस_खवय्या :

सूरमयी, हा प्रतिसाद बायकोला दिसणार नाही अशी काही सोय आहे का?

मिरजेची_मैना :

तुम्ही लोक विषयावरून किती भरकटता! (आवडतंय, थांबू नका.) एक जाहिरातींचं राहिलं. मला सगळ्यात गंमत याची वाटली की जाहिरात कार्यक्रमाच्या मधे नाही, कार्यक्रमाच्या आतच असते. सुरुवातीच्या काही वर्षांत जेलो, ती थलथलीत गोड जेली, म्हणजे जॅक नमस्कारच "जेलो अगेन" असा करतो. अनाउन्सर डॉन विल्सन, चांगला गोल गरगरीत माणूस, गोष्ट चालू असताना मधेच सहा फ्लेवर म्हणून दाखवतो, स्ट्रॉबेरी, रासबेरी, चेरी, ऑरेंज, लेमन आणि लाइम, आणि सगळे त्याची टर उडवतात. नंतर लकी स्ट्राइक सिगरेट आली तर गाणारे चौघे लोकप्रिय गाण्यांत सिगरेटच घुसवायचे.

अदिती_पण_दुसरी :

जेलो! इथे आल्यावर पहिल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, त्यांना लाल जेलो इतकं आवडलं की रोज वाटीभर. चातुर्मासातसुद्धा. तीन आठवड्यांनी मी डब्यावर जिलेटिन वाचलं आणि ते कशाचं असतं ते नंतर कळलं. आजतागायत त्यांना सांगितलेलं नाही. कृपया हा प्रतिसाद कोणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

प्रपंची_पमा :

अगं बाई.

खडूस_खवय्या :

सासूबाईंना विचारा, जेलो की जीव?

तिरपागडा :

परत मुद्द्यावर येतो. पमाताईंनी मला पाहुणा म्हटलं ते लागलं म्हणून गेल्या दोन आठवड्यांत मी मुकाट्याने अकरा एपिसोड ऐकले. १९४६चा तो ख्रिसमस खरेदीवाला, डॉनसाठी बुटाच्या नाड्या घ्यायच्यात, टोकाला प्लॅस्टिक असलेल्या घ्याव्यात का धातू असलेल्या यावर परत परत दुकानात येऊन बदलून मागतो, विक्रेत्याला वेड लागायची पाळी. जॅकच्या तळघरातली पैशांची तिजोरी ऐकली, जिन्याच्या पायऱ्या, साखळ्या, कुरकुरणारी दारं, आणि तिजोरी उघडली की घंटा, भोंगे, शेवटी बोटीचा भोंगा. खालचा पहारेकरी इतकी वर्षं वर आलेला नाही की जगात काय चाललंय ते त्याला जॅकलाच विचारावं लागतं. आणि तिथे राखणीला एक पांढरं अस्वल पाळलेलं, त्याने म्हणे गॅसवाल्याला खाल्लं.

हे सगळं झाल्यावर काल परत चोरवाला लावला. चोराने विचारलं, हा गप्प बसला, आणि मला त्या शांततेत जिन्याच्या पायऱ्या ऐकू आल्या. हसलो. एकटाच, भांडी घासताना, कप फुटता फुटता वाचला. मागे घेतो माझं पहिलं विधान.

पण म्हणूनच मैना, तुमच्या प्रेक्षकांकडे त्या पायऱ्या नाहीत. दहा मिनिटांत जॅक कंजूष आहे हे समजावत बसाल तर जमणार नाही. समजवायला लागलं की गेलं. तुमच्या मंडळात असा कोणी नाही का, ज्याचं नाव घेतलं तरी लोकांच्या डोळ्यापुढे बंद पाकीट येतं? खजिनदार कोण आहे?

मिरजेची_मैना :

अरे देवा.

तिरपागडा, तुम्ही अलौकिक आहात. नाव सांगणार नाही पण आमचे खजिनदार म्हणजे उरलेल्या द्रोणांची संख्या वहीत लिहून ठेवणारे. गेल्या वर्षीचं तोरण यंदा इस्त्री करून लावलंय. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पण विचारू कशी? चिडले तर?

जुनाट_रेडिओ :

विचारा. खरा चिकट माणूस चिडेल, आणि हिशेबाला पक्का असलेला माणूस हसेल. त्यातून कळेल ते कोण आहेत.

मिरजेची_मैना :

(तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय)

झाला कार्यक्रम! उशिरा लिहितेय कारण नंतर घर आवरण्यात आठवडा गेला.

भाऊ चिडले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वेशभूषेचा खर्च किती? शून्य म्हटल्यावर लगेच हो. नवऱ्याला चोर केला, त्याला बडबड करायला मिळाली, तोही खूश. काका म्हणाले तसं वाक्य अगदी कोरडं ठेवलं, "पैसे की जीव?" (पमाताई सॉरी, चमडी-दमडी निवेदनात घातलं, टाळी मिळाली.) ऑस्करच्या जागी शेजाऱ्याकडून उसनी आणलेली स्पर्धेतली ट्रॉफी. आधीचे प्रसंग सगळे काढून टाकले, भाऊ नुसते स्टेजवर आले आणि खिशावर हात ठेवला तिथेच पहिला हशा.

नवऱ्याने विचारलं, पैसे की जीव. भाऊ गप्प. तालमीत सांगितल्याप्रमाणे समोर बघत, मान जराशी तिरकी. पुढच्या रांगेतनं खुसखुस सुरू झाली, मागे पोचली, माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच विंगेतनं आवाज आला. आमच्याकडे गेली वीस वर्षं प्रॉम्प्टिंग करणाऱ्या एक काकू आहेत, त्या तालमीला आलेल्याच नव्हत्या, आणि त्यांच्या हिशेबाने नट स्टेजवर गप्प म्हणजे नट वाक्य विसरला. आधी हळूच. "विचार करतोय." भाऊ गप्प. मग जरा मोठ्याने, "विचार करतोय!" भाऊ गप्प. मग विंगेतल्या चालू माइकवरनं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, "अहो भाऊ, विचार करतोय म्हणा की!"

हॉल कोसळला. नवरा पिस्तुलासकट खाली बसला. आणि भाऊ, ज्यांनी आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही, ते अगदी शांतपणे विंगेकडे वळले आणि म्हणाले, "ऐकू आलं. विचार करतोय."

जुनाट_रेडिओ :

मी उभा राहून टाळ्या वाजवतोय, बायको विचारतेय काय झालं.

सूरमयी :

भाऊंना माझा नमस्कार सांगा. ते वळणं आणि मग बोलणं, हे शिकवून येत नाही.

तिरपागडा :

रेकॉर्डिंग आहे का?

मिरजेची_मैना :

नाही ना! व्हिडिओवाल्याचे पैसे भाऊंनीच वाचवले होते.

वाचनमात्र_वसंत :

मग किती सेकंदांचा झाला पॉज शेवटी?

मिरजेची_मैना :

मोजायला शुद्धीवर कोण होतं.

खडूस_खवय्या :

पुढच्या वर्षी काकूंनाच जॅक करा.

मिरजेची_मैना :

विचारलं. म्हणाल्या, ज्यात पाठांतर नाही असलं काम मी करत नाही. आणि मला बाजूला घेऊन हळूच, "त्या भाऊंकडून थोडं पाठ करून घ्यायला हवं होतंस गं, मी होते म्हणून निभावलं."